मॅश टनसाठी कूलर निवडताना: आधी धान्य मोजावे, मग पेटी घ्यावी

माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या, तयार अर्कावर समाधान न मानता जो संपूर्ण धान्यापासून घरी बिअर बनवू पाहतो, त्याला सर्वांत आधी मॅश टन लागतो. भरडलेला माल्ट गरम पाण्यात कालवायचा (या मिश्रणाला मॅश म्हणतात), तासभर एका ठरावीक तापमानाला झाकून ठेवायचा आणि मग धान्य मागे ठेवून त्यातला गोड रस, ज्याला वॉर्ट म्हणतात, तेवढा काढून घ्यायचा, एवढीच या भांड्याची कामगिरी असते. बर्फ आणि थंड पेये नेण्यासाठी बनवलेला कूलर हे काम फार चांगले करतो, कारण जी भिंत बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही, तीच आतली उष्णता बाहेरही जाऊ देत नाही. कूलर म्हणजे येथे अर्थातच हवा गार करणारे यंत्र अभिप्रेत नाही, तर प्लॅस्टिकच्या दोन भिंतींमध्ये फोम भरलेली झाकणाची पेटी किंवा तोटी असलेला उभा गोल जार अभिप्रेत आहे.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. तासभर उष्णता टिकवण्याच्या बाबतीत बऱ्यापैकी बनावटीच्या कूलरांमध्ये डावे-उजवे करण्यासारखे फारसे काही नसते. खरा फरक पडतो तो आकारमानाचा, तळाच्या ठेवणीचा, आतल्या अस्तराचा आणि तोटीच्या छिद्राचा. नवखा माणूस नेमक्या याच चार गोष्टी नंतर बघू म्हणून सोडून देतो आणि बर्फ किती दिवस टिकतो यावर कूलर निवडतो. आपल्याला बर्फ पाच दिवस टिकवायचा नसून लापशीसारखे मिश्रण एक तास 67 अंशांवर ठेवायचे आहे आणि त्यानंतर ते नीट गाळायचे आहे, हे लक्षात ठेवले की बऱ्याच महागड्या पेट्या आपोआप यादीतून बाद होतात.

घरी बिअर बनवण्याचे कायदे जागोजागी वेगळे आहेत, तेव्हा आपल्या ठिकाणी त्यास परवानगी आहे याची खात्री सामान घेण्याआधीच करून घ्यावी.

तापमान किती काटेकोर हवे

माल्टमधल्या स्टार्चची साखर करणारी दोन मुख्य विकरे आहेत. बीटा अमायलेझ हे 60 ते 65 अंश सेल्सिअसच्या दरम्यान जोमाने काम करते, स्टार्चच्या साखळीच्या टोकाकडून माल्टोज तोडत जाते आणि तापमान 65 च्या वर गेले की हळूहळू निकामी होऊ लागते. अल्फा अमायलेझला 68 ते 72 अंश मानवतात आणि ते साखळी मध्येच कुठेही तोडते, त्यामुळे यीस्टला न पचणारे लांब तुकडे मागे राहतात. म्हणून 64 अंशांच्या मॅशपासून हलकी, कोरडी बिअर होते, तर 69 अंशांच्या मॅशपासून भरीव आणि किंचित गोडसर. बहुतेक पाककृती या दोन्हींच्या मधला, म्हणजे 65 ते 68 अंशांचा पट्टा धरतात.

येथे एक गोष्ट दिलासा देणारी आहे. चांगला भरडलेला माल्ट असेल, तर स्टार्चच्या रूपांतराचा मोठा भाग पहिल्या अर्ध्या तासातच उरकतो. त्यामुळे सुरुवातीचे तापमान बरोबर साधणे हे शेवटच्या वीस मिनिटांत एखादा अंश घसरण्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचे आहे. बऱ्यापैकी भरलेल्या कूलरमध्ये तासाला 1 ते 2 अंशांची घट होते आणि तेवढी चालते. चार-पाच अंश घट होत असेल, तर दोष सहसा भिंतींचा नसतो. एक तर कूलर आधी तापवून घेतलेला नसतो, किंवा मॅशच्या मानाने तो फार मोठा असतो आणि वरच्या मोकळ्या हवेत व पोकळ झाकणातून उष्णता निघून जाते.

किती लिटरचा घ्यावा

दुकानात जाण्यापूर्वी कागदावर करायचा हिशेब हाच आहे आणि तो सोपा आहे. मॅशसाठी एक किलो धान्याला साधारण 2.6 ते 3.1 लिटर पाणी घालतात. शिवाय कोरडे धान्य पाण्यात पडले की एका किलोमागे सुमारे 0.67 लिटर जागा स्वतः व्यापते. म्हणजे किलोला 3 लिटर पाणी धरले, तर प्रत्येक किलो धान्यामागे एकूण 3.67 लिटर जागा लागते. एकूण धान्याच्या वजनाला या आकड्याने गुणावे.

मध्यम ताकदीची, सुरुवातीची, म्हणजे यीस्ट घालण्याआधीच्या वॉर्टची घनता (पाण्याची 1 धरून) 1.050 च्या आसपास असलेली 20 लिटर बिअर करायची, तर साधारण 5 किलो धान्य लागते. त्याचा मॅश झाला 18.35 लिटरचा. पाच गॅलनच्या, म्हणजे 19 लिटरच्या गोल जारमध्ये तो जेमतेम बसतो; ढवळायला वर दोन बोटेही जागा उरत नाही. दहा गॅलनचा, म्हणजे 38 लिटरचा जार मात्र अर्धाच भरतो आणि 8 किलो धान्याचा 29.4 लिटरचा मॅशही त्यात आरामात मावतो. त्यामुळे 20 लिटरच्या घाण्यासाठी एकच कूलर घ्यायचा असेल, तर मी 38 लिटरच्या बाजूने आहे. ज्यांना कायम हलक्या बिअरच करायच्या आहेत, किंवा 10 लिटरचे छोटे घाणे करायचे आहेत, त्यांना मात्र 19 लिटरचाच अधिक चांगला, कारण त्यात धान्याचा थर नीट खोल बसतो आणि वर रिकामी हवा राहत नाही. अडीच किलो धान्य 38 लिटरच्या जारमध्ये टाकले, तर ते तळाशी पातळ पसरते आणि लवकर निवते.

हिशेब येथेच थांबवला, तर एक चूक राहून जाते. धान्यातली उरलेली साखर धुऊन काढण्यासाठी मॅशनंतर आणखी गरम पाणी घालतात. त्याला स्पार्जिंग म्हणतात. सगळे पाणी एकदम घालून, ढवळून, मग गाळण्याची पद्धत म्हणजे बॅच स्पार्जिंग. धान्याने स्वतःत किलोमागे सुमारे 1 लिटर पाणी शोषलेले असते, म्हणून पहिला वॉर्ट काढून घेतल्यावरही 5 किलो धान्य आणि त्यातले पाणी मिळून 8.35 लिटर जागा व्यापतात. त्यावर 15 लिटर पाणी घालायचे ठरवले, तर एकूण 23.35 लिटर झाले; म्हणजे मॅश जरी 19 लिटरच्या जारमध्ये मावला, तरी धुण्याचे पाणी त्यात मावत नाही. अशा वेळी पाणी साडेसात-साडेसात लिटरच्या दोन हप्त्यांत घालावे लागते. हे करता येते, पण वेळ वाढतो.

ज्यांना टप्प्याटप्प्याने तापमान वाढवायचे आहे, त्यांनी याहून मोठी जागा धरावी. कूलरखाली जाळ लावता येत नाही, म्हणून तापमान वाढवण्याचे मार्ग दोनच: उकळते पाणी ओतणे, किंवा मॅशचा काही भाग बाहेर काढून उकळून परत आत घालणे. समजा, 5 किलो धान्याचा 15 लिटर पाण्यातला मॅश 67 अंशांवर आहे आणि शेवटी तो 76 अंशांवर न्यायचा आहे. धान्याची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता त्याच वजनाच्या पाण्याच्या सुमारे 0.41 पट असते. म्हणजे 5 किलो धान्य 2.05 लिटर पाण्याइतके धरायचे, 15 आणि 2.05 यांच्या बेरजेला वाढवायच्या 9 अंशांनी गुणायचे, आणि त्याला 100 वजा 76, म्हणजे 24 ने भागायचे. उत्तर येते सुमारे 6.4 लिटर उकळते पाणी. एकूण आकारमान पावणेपंचवीस लिटरच्या आसपास जाते. सगळे एकाच तापमानाला करणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही आणि आजचा बहुतेक माल्ट एका तापमानाच्या मॅशसाठी पुरेसा तयार असतो, तेव्हा सुरुवातीला या फंदात न पडणेच बरे.

गोल जार की आयताकृती पेटी

हा वाद जुना आहे आणि त्याचे उत्तर आपण वॉर्ट कसा काढणार यावर अवलंबून आहे. मुळात प्रश्न आहे धान्याच्या थराच्या खोलीचा. माल्टची टरफले खाली बसून स्वतःच गाळणी बनतात. थर पुरेसा खोल असेल तर वॉर्ट त्यातून गाळून स्वच्छ येतो आणि थर उथळ असेल तर ती गाळणी कमकुवत राहते.

एक उदाहरण मोजून पाहू. 34 सेंटिमीटर आतल्या व्यासाच्या 38 लिटरच्या गोल जारच्या तळाचे क्षेत्रफळ सुमारे 908 चौरस सेंटिमीटर भरते. 18.35 लिटरचा मॅश त्यात 20 सेंटिमीटर खोल उभा राहतो. तोच मॅश 55 बाय 28 सेंटिमीटर तळाच्या, 45 लिटरच्या आयताकृती पेटीत घातला, तर खोली भरते जेमतेम 12 सेंटिमीटर. पेटी बाहेरून पाहताना फार मोठी वाटत नाही, पण तळ पावणेदोन पट पसरलेला आहे. खरेदीला जाताना खिशात मोजपट्टी न्यावी आणि आतली मापे घ्यावीत. बाहेरची मापे भिंतींच्या जाडीमुळे फसवतात.

फ्लाय स्पार्जिंग, म्हणजे वरून पाण्याची संथ धार सोडत, तेवढ्याच वेगाने खालून वॉर्ट काढत राहण्याची पद्धत वापरणार असाल, तर गोल जार घ्यावा. या पद्धतीत पाऊण ते एक तास पाणी थरातून झिरपत असते आणि ते सगळीकडून सारखे खाली जायला हवे. रुंद पेटीत तोटी एका टोकाला असते, त्यामुळे पाणी जवळची वाट धरते. तोटीजवळचे धान्य धुऊन निघते आणि लांबच्या कोपऱ्यांतले साखर पोटात घेऊन तसेच राहते. पेटीतही हे टाळता येते, पण त्यासाठी तळभर पसरलेली नळ्यांची जाळी लागते.

बॅच स्पार्जिंगमध्ये मात्र पाणी घालून सगळे ढवळायचे असल्याने वाटा पडण्याचा प्रश्नच उरत नाही. तेथे आयताकृती पेटी उत्तम चालते. तोंड रुंद असल्यामुळे ढवळणे सोपे जाते, गुठळ्या चटकन दिसतात आणि काम झाल्यावर ओले धान्य उपसणेही सोयीचे पडते. मी स्वतः बॅच स्पार्जिंग करतो, कारण दिवसाचा एक तास वाचतो आणि त्यापायी साखरेचे फारसे नुकसान होत नाही. तरीही माझा कल गोल जारकडेच आहे, कारण तो जागा कमी घेतो आणि लहान घाण्यातही थर बरा राहतो. पेटी निवडणाऱ्याला मी अडवणार नाही, मात्र तिचा तळ तोटीच्या दिशेने किंचित उतरता असावा आणि तळावर उंचवटे किंवा खोल खाचा नसाव्यात, एवढे बघण्याचा आग्रह जरूर धरीन. अशा खाचांत वॉर्ट अडकतो आणि धुताना धान्याचे कण निघता निघत नाहीत.

चाके असलेली पेटी सोयीची वाटते, पण चाकांच्या खोबणीमुळे आतला तळ वर उचललेला आणि वाकडातिकडा असतो. शिवाय 5 किलो धान्य आणि 15 लिटर पाणी म्हणजे कूलरचे स्वतःचे वजन सोडून 20 किलो भार झाला, तोही भाजणारा. भरलेला मॅश टन उचलायचा किंवा ओढायचा नसतोच. तो रिकामा असतानाच उंच, भक्कम ओट्यावर किंवा टेबलावर ठेवावा, म्हणजे वॉर्ट आपल्या वजनाने खालच्या पातेल्यात उतरतो.

आतले अस्तर आणि झाकण

कूलर थंड वस्तूंसाठी बनलेला असतो आणि अनेक उत्पादक त्यात गरम द्रव घालू नये असे स्पष्ट लिहितात. म्हणून सोबतची सूचना वाचावी आणि गरम पेयांसाठीही चालेल असे सांगितलेला कूलर मिळत असेल, तर तोच आधी पाहावा. अस्तर अन्नासाठी योग्य अशा प्लॅस्टिकचे हवे. घट्ट पॉलिएथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीन असेल तर उत्तम. त्रिकोणी चिन्हात पहिल्यावर 2 हा आकडा असतो आणि दुसऱ्यावर 5. पॉलिप्रॉपिलीन उष्णतेला अधिक टिकते. थर्माकोलच्या उघड्या पेट्या किंवा पॉलिस्टायरीनचे अस्तर असलेले कूलर घेऊ नयेत, कारण ते प्लॅस्टिक उकळत्या पाण्याच्या जवळपासच्या तापमानाला मऊ पडते.

पॉलिएथिलीन 130 अंशांच्या आसपास वितळते, म्हणून 75 अंशांचे पाणी त्याला काहीच करणार नाही असे वाटते. प्रत्यक्षात वितळण्याच्या कितीतरी आधी ते नरम होते. माझ्या पहिल्या कूलरचे अस्तर पातळ होते आणि त्याच्यामागे फोम सगळीकडे सारखा चिकटलेला नव्हता. चौथ्या-पाचव्या मॅशनंतर एका बाजूला हातभर लांबीचा फुगवटा आला. बोटाने दाबला की आत जायचा आणि सोडला की पुन्हा वर यायचा. त्या फुगवट्याने गाळणीची कड तळापासून उचलली गेली आणि धान्य खालून सटकून तोटीत येऊ लागले. तेव्हापासून मी कूलर घेताना आतून चारही बाजूंनी अंगठ्याने दाबून पाहतो. भिंत पोकळ वाजली किंवा दबली, तर तो कूलर तेथेच ठेवावा. जाड, घट्ट, फोमला चिकटलेले अस्तर हीच टिकाऊपणाची खूण आहे.

झाकणाकडे सहसा कोणी पाहत नाही. भिंतींत फोम भरलेला असतो, पण बऱ्याच कूलरांचे झाकण आतून नुसते पोकळ असते, आणि गरम वाफ तर वरच जाते. गोल जारला आट्यांचे, घट्ट बसणारे झाकण असेल तर चांगले. पोकळ झाकणात लहान छिद्र पाडून फोम भरणारे आहेत, पण फोम फुगताना झाकण वाकडे करू शकतो. त्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे झाकणावर जाड गोधडी किंवा घोंगडी टाकणे. एवढ्यानेच फरक दिसतो.

वापरलेला कूलर मिळत असेल, तर नाकाने परीक्षा करावी. मासे किंवा मांस ठेवलेल्या पेटीचा वास प्लॅस्टिकमध्ये मुरतो आणि गरम पाणी पडताच तो पुन्हा जागा होतो. आत चिरा असतील, तर नाद सोडावा.

तोटी, गाळणी आणि गळती

कूलरबरोबर येणारी दाबायची प्लॅस्टिकची तोटी मॅशच्या कामाची नसते. ती धान्याच्या कणांनी तुंबते आणि तिचा वेग हवा तसा धरता येत नाही. ती काढून त्या जागी अर्ध्या इंचाचा स्टेनलेस स्टीलचा बॉल व्हॉल्व्ह बसवावा. म्हणूनच कूलर निवडताना तोटी आतून नट सोडून काढता येते का आणि छिद्र किती मोठे आहे, हे पाहणे महत्त्वाचे. अर्ध्या इंचाच्या आट्यांच्या नळीचा बाहेरचा व्यास सुमारे 21 मिलिमीटर असतो. छिद्र त्याच्या जवळपास असेल तर नवे भोक पाडावे लागत नाही. भिंतीची जाडीही मोजून घ्यावी, कारण नळीचा तुकडा तेवढा लांब असून दोन्हीकडे नट आणि वॉशर बसायला आट्या शिल्लक राहायला हव्यात.

जोडणीचा क्रम आतून बाहेर असा असतो: नट, स्टीलचा वॉशर, सिलिकॉनचा वॉशर, कूलरची भिंत, पुन्हा सिलिकॉनचा वॉशर, स्टीलचा वॉशर आणि मग व्हॉल्व्ह. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळावी. पाणी अडले पाहिजे ते आतल्या बाजूच्या वॉशरनेच. बाहेरचा वॉशर घट्ट आणि आतला सैल असेल, तर बाहेर थेंबही दिसत नाही आणि वॉर्ट मात्र दोन भिंतींमधल्या फोममध्ये मुरत राहतो. ही गळती डोळ्यांना दिसत नाही. काही दिवसांनी आंबूस वास येतो, कूलर वजनाला जड लागतो आणि ओल्या फोममुळे उष्णताही टिकेनाशी होते. म्हणून आतला वॉशर सपाट जागेवर बसतो आहे याची खात्री करावी. गोल जारच्या वळणदार भिंतीवर कडक रबराचा वॉशर नीट बसत नाही, तेथे मऊ, जाड सिलिकॉनच हवे. नट हाताने आवळून वर पाव फेरा द्यावा. पाना लावून जोर केला, तर अस्तर दुमडते. पहिल्या गरम वापरानंतर प्लॅस्टिक थोडे बसते, तेव्हा नट पुन्हा एकदा तपासावा.

पितळी व्हॉल्व्हही चालतो, पण पितळेच्या पृष्ठभागावर शिशाचा अंश असतो. दोन भाग पांढरा व्हिनेगर आणि एक भाग 3 टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या मिश्रणात सुटे भाग पाच ते पंधरा मिनिटे बुडवले, तर तो निघून जातो आणि पितळ लोण्यासारखे पिवळे दिसू लागते. मिश्रण हिरवट होऊ लागले, तर भाग लगेच बाहेर काढून धुवावेत. हे मिश्रण पुन्हा वापरू नये.

आत गाळणी कोणती बसवायची, हे कूलरच्या आकारावर ठरते. गोल जारसाठी भोके पाडलेली, घुमटाच्या आकाराची स्टीलची चकती, जिला फॉल्स बॉटम म्हणतात, ती सर्वांत सरस. 19 लिटरच्या जारला साधारण 9 इंचांची आणि 38 लिटरच्या जारला 12 इंचांची चकती बसते. तिच्या मध्यातून एक नळी तळाजवळून वॉर्ट उचलते आणि व्हॉल्व्हकडे नेते, त्यामुळे तोटी तळापासून वर असली तरी सायफनच्या ओढीने तिच्या पातळीखालचा वॉर्टही निघतो. ही नळी नसेल, तर तोटीखाली 2 सेंटिमीटर पातळी राहिली तरी वर सांगितलेल्या 34 सेंटिमीटरच्या जारमध्ये जवळजवळ 1.8 लिटर वॉर्ट वाया जातो.

आयताकृती पेटीला तांब्याच्या अर्ध्या इंची नळ्यांची चौकट शोभते. करवतीने नळ्यांच्या खालच्या बाजूला आडव्या चिरा पाडाव्यात आणि सांधे डाख न देता नुसते दाबून बसवावेत, म्हणजे धुताना सगळे सुटे करता येते. याहून स्वस्तातला उपाय म्हणजे नळजोडणीच्या लवचिक पाइपावरची स्टीलची विणलेली जाळी. आतला रबरी पाइप काढून टाकायचा आणि उरलेल्या जाळीचे एक टोक दुमडून बंद करायचे. बॅच स्पार्जिंगला ती पुरते. विकत घेताना ती खरोखर स्टीलची आहे का ते बघावे, कारण काही पाइपांवर तशाच रंगाची प्लॅस्टिकची वीण असते. एक तंतू ज्योतीवर धरला की खरे-खोटे कळते. जाळी धान्याच्या भाराखाली चपटी होऊ नये म्हणून तिच्या आत स्टीलच्या तारेचे वेटोळे घालावे.

ज्यांना हे सगळे नको, त्यांनी कूलरला आतून बारीक विणीच्या नायलॉन किंवा पॉलिएस्टरच्या पिशवीचे अस्तर द्यावे. धान्य पिशवीत राहते, वॉर्ट बाहेर येतो, आणि शेवटी पिशवी उचलली की कूलर रिकामा.

पाण्याने परीक्षा

धान्य घालण्याआधी एक दिवस नुसत्या पाण्यावर खर्च करावा. प्रथम थंड पाणी भरून रात्रभर ठेवावे आणि तोटीखाली कोरडा कागद पसरावा. तो सकाळी कोरडा असेल, तर व्हॉल्व्ह काढून भिंतींमधला फोमही कोरडा आहे ना ते पाहावे आणि मग व्हॉल्व्ह पुन्हा बसवावा. त्यानंतर 77 अंशांचे पाणी, नेहमीच्या मॅशएवढे, म्हणजे आपल्या उदाहरणात 18 लिटर भरावे. दहा मिनिटांनी तापमान पाहावे; ही पहिली घसरण म्हणजे कूलरने स्वतः तापण्यासाठी घेतलेली उष्णता. मग झाकण लावून बरोबर एक तासाने पुन्हा पाहावे. ही घट म्हणजे भिंतींतून आणि झाकणातून गेलेली उष्णता. हे दोन आकडे वेगवेगळे लिहून ठेवावेत, कारण पहिला आकडा पाणी किती जास्त तापवायचे ते सांगतो आणि दुसरा झाकणावर काही टाकायचे की नाही ते सांगतो. याच वेळी अस्तर कुठे फुगले का तेही हात फिरवून बघावे. शेवटी व्हॉल्व्ह उघडून पाणी सोडावे, आणि आत राहिलेले पाणी मोजपात्राने काढून मोजावे. दर घाण्यात एवढा वॉर्ट आपण गमावणार आहोत.

थर्मामीटरची परीक्षाही याच दिवशी उरकावी. ठेचलेला बर्फ आणि थोडे पाणी यांच्या मिश्रणात तो 0 दाखवायला हवा. दोन अंशांनी चुकणारा थर्मामीटर असेल, तर चांगल्यात चांगला कूलरही काही करू शकत नाही.

पहिला मॅश

पाणी किती तापवायचे याचे सूत्र असे: 0.41 ला किलोमागच्या पाण्याच्या लिटरांनी भागावे, त्याला मॅशचे हवे असलेले तापमान वजा धान्याचे तापमान यांनी गुणावे आणि येणाऱ्या उत्तरात हवे असलेले तापमान मिळवावे. धान्य 25 अंशांवर आहे, मॅश 67 अंशांचा हवा आहे आणि किलोला 3 लिटर पाणी आहे, तर उत्तर 72.7 अंश येते. हा आकडा कूलर आधीच तापलेला आहे असे धरतो. म्हणून पाणी चार-पाच अंश जास्त तापवून कूलरमध्ये ओतावे, झाकण लावून दहा मिनिटे थांबावे आणि तापमान 72.7 वर उतरले की मगच धान्य घालावे. कूलर थंड ठेवून थेट कालवले, तर दोन-तीन अंश सहज हातचे जातात.

धान्य एकदम न ओतता एका हाताने थोडे थोडे सोडत, दुसऱ्या हाताने ढवळत राहावे. भरड अशी असावी की दाणा फुटलेला आणि टरफल शक्यतो अखंड. पीठ झालेले धान्य कोणतीही गाळणी तुंबवते. गहू किंवा ओट जास्त असतील, तर धान्याच्या 5 टक्क्यांच्या आसपास भाताचे तूस स्वच्छ धुऊन मिसळावे, म्हणजे थर मोकळा राहतो. ढवळून झाल्यावर तापमान एकाच जागी न पाहता मध्यात, कडेला आणि तळाशी पाहावे. कडेला 65 आणि मध्यात 69 असेल, तर कालवणे पुरे झालेले नाही.

तासानंतर व्हॉल्व्ह अगदी थोडा उघडून पहिले दोन-तीन लिटर गढूळ वॉर्ट भांड्यात घ्यावे आणि थर ढळणार नाही अशा बेताने पुन्हा वरून ओतावे. वॉर्ट स्वच्छ येऊ लागला की पातेल्यात घ्यायला हरकत नाही. व्हॉल्व्ह सुरुवातीलाच पूर्ण उघडला, तर थर दाबला जाऊन घट्ट बसतो आणि धार थांबते. तसे झाल्यास व्हॉल्व्ह बंद करून, थोडे गरम पाणी घालून, सगळे हलवून पुन्हा थर बसू द्यावा. धुण्याचे पाणी असे तापवावे की धान्याचा थर 77 अंशांच्या वर जाणार नाही, नाहीतर टरफलांतला तुरटपणा वॉर्टमध्ये उतरतो.

वॉर्ट पुढे उकळला जाणार असल्यामुळे मॅश टन निर्जंतुक करण्याची गरज नसते. स्वच्छता मात्र त्याच दिवशी करावी. ओले धान्य रात्रभर आत राहिले, तर सकाळपर्यंत आंबून जाते. अस्तरावर घासणी किंवा लोखंडी जाळी चालवू नये, कारण ओरखड्यांत मळ धरतो. गरम पाणी आणि मऊ फडके पुरते. व्हॉल्व्हचे आतले आणि बाहेरचे दोन्ही भाग सुटे करून धुवावेत. कूलर पूर्ण वाळल्यावरही झाकण न लावता, व्हॉल्व्ह उघडा ठेवून, उपडा करून ठेवावा.